खाल्लेलं अंगी लागेना

रातकिड्यांच्या उबेच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी सासरे नेहमी उंबऱ्याशी थांबत. काठी भिंतीला टेकवत, डोळे मिटत आणि ऐकत. डोळे मिटले काय नि उघडे ठेवले काय, त्यांना आता फारसा फरक पडत नव्हता. माणसाचा चेहरा त्यांना हललेल्या पाण्यातल्या सावलीसारखा दिसे, आणि नखाएवढा रातकिडा तर दिसतच नसे. पण कान असे तिखट, की चाळीस पेट्यांतली कुठली वयात आली, कुठली म्हातारी झाली, कुठल्या पेटीतलं पाणी संपलं, हे ते दारातून सांगत. "तिसऱ्या फळीवरची उजवीकडची बघ गं, तिचा घसा कोरडा वाटतोय," म्हणत, आणि सून बघायला जाई तर पाण्याचा स्पंज खरंच वाळून खडखडीत झालेला असे.

मांडीचं हाड मोडून दोन महिने ते अंथरुणाला खिळले होते. त्यानंतर पहिल्यांदाच, एका सकाळी, ते काठी टेकत उंबऱ्याशी आले. सून आत कोंडा चाळत होती. तिचा हात थांबला. सासरे खूप वेळ उभे राहिले. बल्बांची उष्णता त्यांच्या तोंडावर येत होती, भाजलेल्या कोंड्याचा वास येत होता, पण ज्यासाठी ते आले होते ते येत नव्हतं.

"गप्प आहेत का गं सगळे?" त्यांनी विचारलं. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "की माझेच कान गेले?"

खोली गप्पच होती. चाळीस पेट्या, हजारो किडे, आणि गाणारा एकही नाही. हे सुनेइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि का गप्प आहेत याचा काळा ठिपका गेले काही आठवडे तिच्या छातीत बसलेला होता. खरं बोलायला तेवढाच एक क्षण होता, आणि तो समोर येऊन उभा राहिला तेव्हा तिची जीभ दुसरीकडेच वळली.

"गातायत की, बाबा," ती म्हणाली.

तीन शब्द. सासऱ्यांनी मान हलवली, जणू हिशोब जुळला. काठी उचलली आणि पाठमोरे झाले. दारापासून घरापर्यंत वीस पावलं होती. ती चालायला त्या दिवशी त्यांना फार वेळ लागला.

*

या घराचं पोट रातकिड्यांवर चालायचं. गावाबाहेर एक मोठं पक्षीगृह होतं. तिथल्या पिल्लांना जिवंत किडा लागतो, आणि तो गेली तीस वर्षं या घरातून जायचा. सासऱ्यांनी एका पेटीपासून सुरुवात केली होती. त्याच पेटीच्या लेकी-सुना, नातवंडं-पतवंडं आता चाळीस पेट्यांत नांदत होती. बाहेरचा एक किडा त्यांनी कधी आत येऊ दिला नव्हता. सुनेचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, रविवारी कधी यायचा, कधी नाही. त्यामुळे सासरे पडले तेव्हा किल्ल्या सुनेच्या हाती आल्या.

"तीनच गोष्टी ध्यानात ठेव," दवाखान्याच्या खाटेवरून ते म्हणाले होते. "ऊब मोडू द्यायची नाही. पाणी उघडं ठेवायचं नाही, बुडून मरतात. आणि खोलीत औषधाचा थेंब न्यायचा नाही. डासांची उदबत्तीसुद्धा नाही."

"आणि ती मूठ?"

"ती तर हवीच. नवी पेटी लावली की जुन्या पेटीच्या तळाचा चुरा मूठभर टाकायचा."

"शी, बाबा. लेंड्यांचा चुरा तो."

"म्हणून काय झालं? मी लावतो तशी लाव. का, ते मला विचारू नको. मलाही माहीत नाही."

ते दवाखान्यात असतानाच पेट्यांत कसलीशी साथ आली. आधी एका पेटीतले किडे पाठीवर पडून पाय झाडू लागले, मग शेजारच्या पेटीतले. आंबूस वास सुटला. सून घाबरली. नवीन नवरीला भरल्या घरात एकटं सोडावं तशी ती त्या खोलीत उभी होती. हातातली पेटी मेली तर घरी तोंड कसं दाखवायचं?

मग तिला कपाटातल्या गोळ्या आठवल्या.

तिची लेक, सहा वर्षांची ठकी, मागच्या वर्षी छातीच्या दुखण्यानं पंधरा दिवस दवाखान्यात होती. श्वास घेताना बरगड्या मोजता येत होत्या. एका डॉक्टरांनी अँटिबायोटिक बदललं आणि तिसऱ्या दिवशी पोर उठून बसली, खेळणं मागू लागली. त्या औषधाच्या उरलेल्या चार पट्ट्या सुनेनं जपून ठेवल्या होत्या, दागिना ठेवावा तशा. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच, तो परत दिलेला जीव होता. तिनं कॅप्सूल फोडल्या, पावडर पाण्यात कालवली आणि चाळीसही पेट्यांचे स्पंज त्या पाण्यात भिजवले. दहा दिवस. शिवाय किड्यांना लपायला ठेवलेले सगळे जुने खळग्यांचे पुठ्ठे जाळले, पेट्या उकळत्या पाण्यानं धुतल्या. आणि ती मूठ? ती घाण आता कोण घालतंय.

साथ थांबली. त्या औषधानं थांबली की आपसूक थांबायचीच होती, देव जाणे. सून मात्र त्या रात्री किती दिवसांनी गाढ झोपली.

पुढचं हळूहळू आलं. त्यांच्यात गातो तो वयात आलेला नर, पंखावर पंख घासून. त्या वेळचे मोठे नर आयुष्य सरून दोन-तीन आठवड्यांत गेले. त्यांच्या जागी पिल्लं मोठी व्हायला हवी होती. ती झालीच नाहीत. खायची खूप. सकाळी घातलेला कोंडा संध्याकाळी साफ. पण आठ वेळा कात टाकून जो किडा पंखांपर्यंत पोचतो, तो तिसऱ्या-चौथ्या कातेशीच अडकला. काही कात अर्धी निघून त्यातच मेले. काहींनी शेजाऱ्याचे पाय खाल्ले. आणि लेंड्या हातात घेऊन कुस्करल्या तर सून चरकायची, कारण त्यात कोंडा जसाच्या तसा होता. खाल्लेलं अंगी लागतच नव्हतं.

पक्षीगृहाचा माणूस दर आठवड्याला पेट्या न्यायला यायचा. तो म्हणाला, "वहिनी, सगळं बालवाडीचंच पोरगं देताय की. एखादा दहावी पास झालेला द्या."

ती हसली. त्याला तिनं हवा थंड असल्याचं कारण सांगितलं. एक खोटं बोललं की दुसऱ्याला फार लांबून यावं लागत नाही.

*

पण सगळ्यात जड झालं ते घरातलं.

सासऱ्यांनी मान्य करून टाकलं की आपण बहिरे झालो. इतकं पटकन, इतक्या शहाण्यासारखं, की बघवेना. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकावर चार म्हातारे जमायचे, तिथे जाणं त्यांनी सोडलं. "त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायला लावायची, बरं दिसत नाही." रेडिओ मोठ्यानं लावू लागले, मग लावायचाच बंद केला. जेवताना कुणी बोललं तर हसून मान हलवत, सगळ्यालाच, होकार असो की प्रश्न असो.

एकदा ठकी त्यांच्या मांडीशी जाऊन म्हणाली, "आजोबा, माझा दात हलतोय. हात लावून बघा."

ते हसले. मान हलवली.

"बघा ना."

"हो हो, छान आहे."

पोर आईकडे आली. "आजोबा असे का करतात? मी एवढ्या जोरात बोलले."

सून सासऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यांनी ऐकलं होतं. तिला शपथेवर सांगता आलं असतं. पोरीच्या 'दात' शब्दावर त्यांचा हात उचलला गेला होता, आणि मध्येच थांबून परत मांडीवर आला होता. कान जागेवर होते. विश्वास गेला होता तो कानांवरचा. जो माणूस तीस वर्षं कानांनी पेट्या बघायचा, त्याला तिनं सांगितलं होतं की पेट्या गातायत आणि तुलाच ऐकू येत नाही. त्यानं कानापेक्षा सुनेवर विश्वास ठेवला.

नवऱ्याचा फोन आला. "सोमवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. यंत्र बसवू. तू घेऊन जाशील ना?"

"जाईन," ती म्हणाली.

*

तिनं एका काचेच्या बरणीत वीस किडे भरले आणि कॉलेजात किड्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या डॉक्टर म्हणजे दवाखान्याच्या नव्हेत, शिकवायच्या. पण पंचक्रोशीत कुणाच्या पिकाला, झाडाला, धान्याला काही लागलं की लोक त्यांच्याकडे जात, म्हणून नाव पडलं डॉक्टरीणबाई. त्यांच्या खोलीत भिंतभर जाळीचे पिंजरे होते आणि ताज्या गवतावर नाकतोडे बसले होते, तोंड चालवत, म्हातारी माणसं पान चघळतात तसे.

बाईंनी एक किडा उघडला. सुईच्या टोकानं आतडं सरळ केलं आणि भिंगाखाली धरलं.

"या, बघा. हा घशाखालचा कप्पा. ही पुढे दातांची गिरणी, यात कोंडा दळला जातो. ती ठणठणीत आहे. आता हा मागचा भाग बघा. आतल्या भिंतीला केस दिसतात?"

"दिसतात. बारीक ब्रशसारखे."

"आता हा माझ्याकडचा रातकिडा बघा."

सुनेनं दुसऱ्या भिंगाला डोळा लावला. इथेही केस होते, पण प्रत्येक केसाला काहीतरी लगडलेलं होतं, दाटीवाटीनं, काड्या-काड्या, ठिपके-ठिपके. यात्रेच्या धर्मशाळेत पाय ठेवायला जागा नसावी तसं. तिनं परत स्वतःच्या किड्याकडे पाहिलं. तिथे केस उघडे. वस्ती उठून गेलेली.

"ते जिवाणू," बाई म्हणाल्या. "किड्याला दात आहेत, भूक आहे, पण कोंड्यातला जो चिवट भाग असतो तो त्याला एकट्याला फुटत नाही. हे जिवाणू तो आंबवतात, फोडतात, आणि जे निघतं त्यावर किडा पोसतो. घर याचं, स्वयंपाक त्यांचा. तुमच्याकडे घर आहे, स्वयंपाकी नाहीत."

"नाकतोड्यांचंही असंच?"

"त्यांच्या पोटातही असतात. पण त्यांना रोज ताजं गवत मिळतं, गवताबरोबर नवे पाहुणे आत जातात. तुम्ही कोंडा भाजून घालता, पेट्या उकळून घेता. पाहुणा येणार कुठून?" बाईंनी सुई खाली ठेवली. "वहिनी, यांच्या खाण्यापाण्यात औषध कुणी घातलं?"

खोलीत नाकतोड्यांच्या गवत कुरतडण्याचा आवाज होता.

"मी घातलं," ती म्हणाली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. परक्या बाईसमोर ते किती सहज निघालं, याचंच तिला रडू आलं.

बाईंनी तिला रडू दिलं. पाणी दिलं. मग कामाचं बोलल्या. तोवर मऊ पीठ घाला, दुधाची पावडर घाला, म्हणजे तग धरतील. औषध थांबून सहा आठवडे झालेत, आता जिवाणू परत वसवता येतील. निरोगी किड्यांच्या ताज्या लेंड्या आणून पेट्यांत पसरायच्या. पिल्लं त्या तोंडात घेतात, त्यातून वस्ती बसते.

"विरजण लावतात तसं."

"अगदी तसंच."

म्हणजे सासऱ्यांची मूठ. का ते त्यांना माहीत नव्हतं, आणि बरोबर मात्र तेच होते.

"माझ्याकडच्या लेंड्या देईन," बाई म्हणाल्या, "पण माझे किडे पाच ठिकाणांहून आणलेले. त्यांच्यात एखादा रोग लपून असेल तर तुमच्या अशक्त पिल्लांना झेपायचा नाही. तुमच्याच वंशाची, औषध न लागलेली एखादी पेटी कुठे असेल तर सोनं. आणि हेही सांगते, होईलच असं नाही."

अशी पेटी होती. ती कुठे आहे हे सुनेला चांगलं माहीत होतं.

*

सासऱ्यांचा धाकटा भाऊ दोन तासांच्या अंतरावर राहायचा. वाटणीत चार पेट्या घेऊन गेला होता. पुढे त्यानं किडे मासे धरणाऱ्यांना गळासाठी विकायला सुरुवात केली, आणि ते मोठ्याला कळलं. "माझे किडे जिवंत गळाला टोचायचे?" यावर धाकटा म्हणाला होता, "पक्ष्याच्या चोचीत गेला काय नि माशाच्या तोंडात गेला काय, किड्याला काय त्याचं?" त्या वाक्यावर बोलणं तुटलं ते अकरा वर्षं. या घरात त्या घराचं नाव निघत नसे.

घरी येताना बसमध्ये सुनेच्या मनात एक सोपी वाट उघडली. गुपचूप काकांकडे जायचं. पिशवीभर लेंड्या आणायच्या. पेट्यांत पसरायच्या. महिन्या-दीड महिन्यात किडे वयात येतील, गातील, आणि बाबांना वाटेल आपले कान परत आले. ते केवढे खूश होतील. कुणाला काही कळणार नाही. ती वाट इतकी गुळगुळीत होती की तिचं मन दोन थांबे त्यावरूनच चालत राहिलं.

घरी पोचली तर अंगणात पक्षीगृहाचा माणूस बसला होता आणि सासरे त्याच्याशी मोठमोठ्यानं बोलत होते, बहिरी माणसं बोलतात तसं.

"सूनबाई, बरं झालं आलीस," सासरे म्हणाले. "यांच्याशी ठरवलंय. पुढच्या आठवड्यात पेट्या हेच घेऊन जातील. तिकडेच वाढवतील. जात तरी टिकेल. ज्याला ऐकू येत नाही त्यानं हे काम करू नये. आणि तुझ्या एकटीवर किती टाकू? पोरीकडे बघायचंय तुला."

"बाबा, घाई कशाला?"

सासऱ्यांनी हसून मान हलवली.

पक्षीवाला चपला घालता घालता सुनेला हळूच म्हणाला, "वहिनी, चार दिवसांत किती वाकले हो आजोबा. कान गेला की माणूस निम्मा जातो."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाळण घेऊन ओट्यावर बसली. सासरे शेजारी खुर्चीत ऊन खात होते. चाळताना तिला गुणगुणायची सवय होती, ओळी मनानं जुळवायची.

चाळणीत चाळते गं, कोंडा राहतो वरती,
मनातलं माझ्या गं, कसं पडावं खालती.

पुढची ओळ जुळेना. तिनं चाळण बाजूला ठेवली आणि सांगितलं. सगळं. गोळ्या, स्पंज, जाळलेले पुठ्ठे, न टाकलेली मूठ, डॉक्टरीणबाईंचं भिंग. आवाज चढवला नाही, नेहमीच्याच आवाजात बोलली. शेवटी म्हणाली, "खोली गप्प आहे, बाबा. तुमचे कान चांगले आहेत. मी खोटं बोलले."

सासऱ्यांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू फार मायेची आहेस, पोरी."

"बाबा?"

"मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर केवढा आळ घेतलास. कुणाची सून घेईल? पण असं करू नकोस. म्हाताऱ्यानं म्हातारपण घ्यावं. तू आपलं माझी समजूत काढणं सोड."

खोटं एका दमात पटलं होतं. खरं पटत नव्हतं.

तिनं त्यांना हाताला धरून खोलीत नेलं. एक पेटी उघडून त्यांची बोटं आत सोडली. "बघा, पंख लागतात का?"

"ही पिल्लांची पेटी."

दुसरी उघडली. तिसरी. सातवी. सासऱ्यांची बोटं पुठ्ठ्याच्या खळग्यांतून हलकेच फिरत होती, मऊ अंगं बाजूला सरत होती. नवव्या पेटीशी त्यांचा हात थबकला.

"सगळ्या लहान पेट्याच का दाखवतेस?"

"दुसऱ्या नाहीतच, बाबा."

"असं तीस वर्षांत झालेलं नाही," ते म्हणाले आणि हात काढून घेतला. चेहऱ्यावर भीती होती. कान गेले हे त्यांनी पचवलं होतं. हे पचण्यासारखं नव्हतं.

"माझ्यावर विश्वास नका ठेवू," सून म्हणाली, "काकांकडे चला. तिथल्या पेट्यांनी औषध बघितलेलं नाही. तिथे उभे राहून ऐका. नाही ऐकू आलं तर सोमवारी मी स्वतः तुम्हाला यंत्र बसवून आणीन."

काकांचं नाव निघताच त्यांची मान वळली. ती वाट बघत राहिली. दहाव्या पेटीत एक पिल्लू अर्ध्या कातेत अडकून पाय हलवत होतं.

"जायचं कशाला म्हणून?" सासऱ्यांनी विचारलं. "अकरा वर्षांनी भावाच्या दारात जाऊन मागायचं काय?"

"लेंड्या," ती म्हणाली.

त्यांच्या तोंडातून एक हुंकार निघाला. हसू होतं की काय, कळलं नाही.

*

काकांचं घर रस्त्यापासून आत होतं, मध्ये लाकडाची वखार. बसमधून उतरल्यावर सासरे तिच्या दंडाला धरून चालत होते. वखारीच्या टोकाशी ते थांबले. काठी त्यांनी भिंतीला टेकवली. सुनेला स्वतःला अजून काहीच ऐकू येत नव्हतं, वखारीतली करवत तेवढी.

सासऱ्यांनी डोळे मिटले.

"डावीकडच्या खोलीत म्हातारे फार झालेत," ते पुटपुटले, सवयीनं, कुणालाही उद्देशून नाही. "पंख फाटलेत त्यांचे. हा अजून वेळेवर काढत नाही."

मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. ते तसेच उभे राहिले. करवत थांबली, आणि आता सुनेलाही ऐकू आलं, घराच्या मागून येणारं ते अखंड, बारीक, दाट गाणं. तिला वाटलं होतं या क्षणी सुटल्यासारखं वाटेल. सासऱ्यांचा हात तिच्या दंडावरून निघाला. त्यांनी काठी घेतली आणि उरलेली वाट एकट्यानं, भिंतीला हात लावत कापली.

काका अंगणात बसून पुठ्ठे झटकत होते. मोठ्या भावाला बघून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"दादा? वाटणी मागायला आलास की काय?"

"लेंड्या मागायला आलोय," सासरे म्हणाले.

काकांनी सुनेकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं, उभ्यानंच. काकांची थट्टेची जीभ अर्ध्यातच गप्प झाली.

"मी अजून मूठ टाकतो, दादा," ते शेवटी म्हणाले. "तू लावलेलीच सवय. घे पोरी, लागतील तेवढ्या घे. लेंड्यांची कधी वाटणी होते का?"

त्यांनी स्वतः चार पेट्यांचा तळ खरवडून कापडी पिशवी भरून दिली. सासरे तोवर डावीकडच्या खोलीच्या दाराशी जाऊन बसले होते, भिंतीला डोकं टेकून.

"बाबा, निघायचं?" तिनं विचारलं. "पाचची बस आहे."

"तू जा. मी राहतो इथे."

"किती दिवस?"

त्यांनी तोंड तिच्याकडे वळवलं. धूसर डोळे तिच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला लागले होते.

"त्या सकाळी मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले. एवढंच. आवाजात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणून तिला उभं राहवेना.

*

पहिल्या दिवशी तिनं चाळीसही पेट्यांत तो चुरा पसरला. पाणी साधं. पीठ मऊ. कोंडा न भाजता, थोडा. संध्याकाळी काकांच्या घरचा फोन वाजवला. ठकीनं आधी बोलायचा हट्ट धरला. "आजोबा, दात पडला. ऐकलं का?" पलीकडून काय उत्तर आलं ते सुनेला कळलं नाही, पण पोर खूप वेळ फोन कानाला लावून दाताची गोष्ट सांगत राहिली. मग फोन आईच्या हातात आला.

"किती मेले आज?" सासऱ्यांनी विचारलं.

तिनं अंदाजे आकडा सांगितला.

"अंदाज नको. मोज."

म्हणून ती मोजू लागली. सकाळी पिसानं एकेक पेटी झाडायची, मेलेले झाकणात घ्यायचे आणि दहा-दहाचे ढीग करायचे. एका दिवशी साडेतीनशे. एका दिवशी चारशेच्या वर. तो आकडा उच्चारताना दोनदा तिच्या तोंडाशी लहान आकडा आला. दोन्ही वेळा तिनं तो गिळला आणि खरा सांगितला. पलीकडे ते फक्त "बरं" म्हणत आणि ठेवून देत. पक्षीगृहाच्या माणसालाही तिनं सांगून टाकलं. तो पेट्या न्यायला पुढच्या आठवड्यात येणार होता, आला नाही.

नवव्या दिवशी दुसऱ्या फळीवरच्या एका पेटीत पुठ्ठ्याच्या खळग्यात पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसलं. रिकामी कात होती, अखंड, पायांच्या टोकांपर्यंत. शेजारी कोवळा, फिकट किडा बसला होता. इतर पेट्यांत असं काही नव्हतं. खालच्या फळीवरच्या दोन पेट्या तर सकाळीच पूर्ण मेल्या होत्या.

संध्याकाळी फोन लावला. पलीकडे सासऱ्यांचा श्वास आणि त्यामागे काकांच्या खोल्यांचं गाणं.

"बाबा, आज एक चांगलं—"

"आधी मेलेले सांग."

"पाचशे बासष्ट," ती म्हणाली. "खालच्या दोन पेट्या गेल्या."

तिनं भरीला काही घातलं नाही.

"आणि?"

"दुसऱ्या फळीवर कात सापडली. चौथी असावी. एका पेटीत अकरा निघाल्या."

"मोजल्यास?"

"मोजल्या."

"उद्या परत मोज," सासरे म्हणाले. "आणि सांग."

परत कधी येणार, हे तिनं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. फोन ठेवून ती खोलीत गेली, आणि अर्ध्या कातेत अडकलेले वेगळे काढायला तिनं पहिली पेटी पुढे ओढली.